सोडलं की सुटलं? सव्वाआठच्या लोकलमधल्या एका माणसाची केस

ही केस आमच्या घरातलीच आहे त्यामुळे अगदी तटस्थपणे लिहीन वगैरे प्रॉमिस करत नाही. केस म्हणजे माझे सासरे. आता वय 76, डोंबिवली पूर्वेला राहतात, म्हणजे आम्ही सगळेच राहतो, ते, सासूबाई, मी, नवरा आणि आमचा दहावीतला मुलगा. नाव लिहीत नाही, घरात बाबा म्हणते तसंच इथेही म्हणते.

सुरुवात झाली फेब्रुवारी 2024 मध्ये. नणंदेचं बंगळुरूला ऑपरेशन होतं म्हणून आई (म्हणजे सासूबाई) तिकडे गेल्या, जाताना म्हणाल्या महिनाभर, लागले साडेतीन महिने. त्या गेल्या आणि आठवड्याभरात मला जाणवलं की घरात कुणाचा फोनच येत नाहीये. एरवी आमच्याकडे संध्याकाळी फोन चालूच असायचे, चुलत सासूबाई, भावजया, जुन्या बिल्डिंगमधल्या काकू, बाबांचे पुण्याचे भाऊ, सगळ्यांचे. पण ते सगळे आईंच्या मोबाईलवर यायचे आणि मग आई म्हणायच्या, "थांबा हं, यांना देते." मोबाईल आईंबरोबर बंगळुरूला गेला, तर त्याच्याबरोबर बाबांचे नातेवाईकपण गेले की! बाबांचा स्वतःचा फोन होता, कपाटावर चार्जिंगला लावलेला, त्यावर बँकेचे मेसेज आणि लोन हवंय का विचारणाऱ्या मुली. मी एक दिवस त्यांना विचारून कॉल लिस्ट बघितली. 19 दिवसांत माणसाचे म्हणावेत असे तीन कॉल, त्यातले दोन आईंचे आणि एक राँग नंबर. राँग नंबरवाल्याशी ते चार मिनिटं बोलले होते.

आता गंमत बघा, तक्रार कुणाचीच नव्हती. बाबांची तर नाहीच. आमचं सगळ्यांचं ठरलेलं वाक्य होतं की बाबा आता वयामानाने शांत झालेत, त्यांना आता कुठे जायला आवडत नाही, गर्दी नको वाटते. पाहुण्यांना पण हेच सांगायचो. आणि बाबा पण मान डोलवायचे.

पण हा माणूस शांत कधीच नव्हता, हे मला माहीत होतं ना. मी 2009 मध्ये लग्न होऊन आले तेव्हा यांच्याबरोबर भाजी आणायला जायचं म्हणजे शिक्षा, अर्धा किलो भेंडीला पाऊण तास, कारण वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं. म्हणून मी एक जुनी डायरी घेतली आणि लिहायला लागले की 2007 साली, म्हणजे बाबा रिटायर झाले तेव्हा, आठवड्यातून निदान एकदा ते कुणाकुणाला भेटायचे. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी एकेक नाव काढायचं. पहिल्यांदा "आता ते काय आठवायचं" म्हणाले आणि मग थांबेनात. 26 नावं झाली. मग त्याच पानावर दुसऱ्या बाजूला 2024 ची लिहिली. चार. त्यातले तीन आम्ही घरातले आणि चौथा वॉचमन.

मग पुढचे काही महिने मी हेच शोधत होते की ते बावीस गेले कुठे. वारले तर सगळे नव्हते. आणि प्रत्येक नावापुढे मी एकच प्रश्न विचारायचे, बाबा हे तुम्ही सोडलं की सुटलं? हे विचारल्यामुळे बऱ्याच गोष्टी कळल्या, नाहीतर मी पण वय झालं म्हणून डायरी मिटून टाकली असती.

डबा

बाबांची नोकरी फोर्टात, सरकारी कचेरीत, हिशेबाच्या सेक्शनला. 1971 ते 2007, छत्तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी (सीएसएमटी ते अजूनही म्हणत नाहीत). सकाळी सव्वाआठची फास्ट, पुढून तिसरा डबा, अकरा जणांचा ग्रुप. ज्यांनी लोकलचा ग्रुप बघितला नाही त्यांना हे कळणार नाही, ती नुसती ओळख नसते. कोण कुठे बसणार ठरलेलं, विंडो कुणाची ठरलेली, ठाण्यापर्यंत कोण उभा आणि ठाण्यानंतर कोण हे ठरलेलं. टाळ एकाच्या पिशवीत, सकाळी भजन, संध्याकाळी पत्ते. दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं, पूजा, पेढे. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाचं पीएफचं लोन, कुणाला कुठला हाडाचा डॉक्टर, सगळं तिथेच. मी हिशेब केला, रोजचे जाऊन येऊन दोन तास, वर्षाचे 280 दिवस, छत्तीस वर्षं, म्हणजे वीस हजार तासांच्या वर. सख्ख्या भावाबरोबर पण माणूस मोठेपणी एवढा बसत नाही.

आणि यातल्या एकाच्याही घरचा पत्ता बाबांना नीट माहीत नव्हता! लागलाच नाही कधी. एकमेकांना नावं पण स्टेशनावरून, ठाकुर्लीचे काका, दिव्याचे, कोपरवाले. गाडीच भेट घडवून आणायची, फोन करायचा नाही, ठरवायचं नाही, आमंत्रण नाही. पुरुषांच्या बाबतीत हे फार होतं असं माझं मत झालंय, त्यांची मैत्री कशाच्या तरी बाजूबाजूने चालते, कामाच्या, गाडीच्या, पत्त्यांच्या. ते मधलं काढलं की समोरासमोर बसून काय बोलायचं कळत नाही. आईंचं तसं नव्हतं. भिशी, भजनी मंडळ, वाटीभर साखर, हळदीकुंकू, यातलं काहीच रिटायर होत नाही.

रिटायर झाल्यावर बाबांनी काय केलं तर संध्याकाळी साडेसातला स्टेशनला जायला लागले. ग्रुप परत यायच्या वेळेला पुलाच्या तोंडाशी उभे राहायचे, मग सगळे मिळून भाजी घेत घरी. हे मला आईंनी सांगितलं, त्यांना तेव्हा लाज वाटायची म्हणे, रिटायर माणूस स्टेशनवर काय करतो. मला तर हे फार हुशारीचं वाटलं. पण मग एकेक जण रिटायर होत गेला, 2014 ला शेवटचा. त्यानंतर स्टेशनला जाऊन भेटणार कुणाला.

हे झालं सुटलेलं. पण सगळंच सुटलेलं नव्हतं हे पण सांगायला पाहिजे. डायरीत "सोडलं" च्या खान्यात पण सात नावं आली आणि ती बाबांनी अगदी मजेत सांगितली. एका चुलत भावाकडे जाणं सोडलं कारण तो दर वेळी जमिनीचा विषय काढतो. ऑफिसमधला एक साहेब, त्याला इतकी वर्षं सहन केलं ते पगारासाठी. लग्नंमुंजी, हॉलमधली, सोडल्या, "जेवायला रांगेत उभं राहायचं आणि फोटोला हसायचं." इथे मला स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेनसन यांचं म्हणणं पटतं, की पुढे वेळ थोडा उरलाय असं वाटायला लागलं की माणूस आपणहून पसारा कमी करतो, जवळचे ठेवतो आणि लांबचे सोडून देतो आणि त्यात तो दुःखी नसतो. त्याआधी 1961 साली कमिंग आणि हेन्री या दोघांनी असं मांडलं होतं की म्हातारपणी माणूस समाजातून मागे सरकतो आणि समाज त्याच्यापासून, आणि हे दोन्ही बाजूंनी नैसर्गिकच आहे. त्यावर नंतर भरपूर टीका झाली पण खरं सांगू का, आमच्या घरात तीच थिअरी चालू होती, कुणी न वाचता. सात जण सोडले हे खरं, त्यामुळे बाकीचे पंधरा पण सोडलेच असतील असं आम्ही धरून चाललो.

बिल्डिंग

आमची जुनी बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. 2018 ला रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरने भाडं दिलं ते घेऊन आम्ही शीळ रोडच्या बाजूला राहायला गेलो, तिथून गणेश मंदिर म्हणजे रिक्षाने वीस मिनिटं आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये विचारू नका. तोपर्यंत बाबांनी मंदिराच्या आवारात नवा कट्टा धरला होता, आठ जणांचा. रोजचं जाणं आठवड्याचं झालं, मग महिन्याचं. त्यात मार्च 2020 ला लोकल बंद. सामान्य माणसांना फेब्रुवारी 2021 ला ठराविक वेळेत सोडली, परत बंद, मग 15 ऑगस्ट 2021 पासून दोन डोस झालेल्यांना. बाबांना कुठे रोज लोकलने जायचं होतं, पण दसऱ्याला डब्यात जायची पद्धत त्यांनी तोपर्यंत चालू ठेवली होती, ती तुटली. त्या दोन वर्षांत ग्रुपमधले तीन गेले, त्यात व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन पण. ग्रुपचं नाव "सव्वाआठ" आणि फोटो अजून त्यांचाच.

ऑक्टोबर 2023 ला नव्या टॉवरमध्ये आलो, अकरावा मजला. लिफ्ट दोन, जनरेटर, खाली बाग. सगळे म्हणाले आता बाबांची चांगली सोय झाली, गुडघ्यांना त्रास नाही. मला स्वतःला पण तेच वाटलं होतं. पण जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर चढताना सहा दारं लागायची आणि सहाही उघडी, दम लागला की दुसऱ्या मजल्यावर जोश्यांकडे नाहीतर समोर बसायचं, पाणी प्यायचं, पेपर बघायचा. दम लागणं हेच निमित्त होतं! लिफ्टमध्ये दम लागत नाही. दार उघडतं ते डायरेक्ट आपल्या मजल्यावर, आणि मजल्यावर चार बंद दारं, प्रत्येकावर कॅमेरा. जुने सभासद बरेचसे परत आलेत पण कोण चौथ्यावर, कोण चौदाव्यावर. जुन्या घरी दार लावून बसणं म्हणजे काहीतरी झालंय असं समजायचे, इथे दार उघडं ठेवलं तर सिक्युरिटी येऊन सांगते.

गेट

हा भाग लिहायला मला आवडत नाहीये पण केस लिहायची तर हा सोडून चालणार नाही.

एप्रिल 2024 मध्ये मी डायरीतल्या नावांचे नंबर शोधून फोन करायला सुरुवात केली, आधी ठाकुर्लीचे काका, वय तेव्हा 78. मी कोण ते सांगितल्यावर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी आलो होतो गं डिसेंबरात. नातवाच्या लग्नाचे पेढे घेऊन." गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रिक्षा करून आले होते. गेटवर वॉचमनने अॅपमध्ये नाव टाकलं. आमच्या फ्लॅटला नंबर रजिस्टर आहे माझा. मी ऑफिसला मीटिंगमध्ये, स्क्रीनवर कुठलंतरी आडनाव आलं, काकांचं आडनाव मला माहीतच नव्हतं ना, ठाकुर्लीचे काका हेच नाव. कुरिअर नाहीतर सेल्सवाला असेल म्हणून मी लाल बटण दाबलं. वॉचमन म्हणाला, "घरच्यांनी नाही सांगितलंय." काकांनी मग बाबांना फोन लावला, दोनदा, तो कपाटावर वाजला असेल, बाबांना ऐकू आला नाही. पेढे घेऊन माणूस परत गेला.

काकांनी समजून घेतलं की सुनेला आवडत नसेल. बाबांना मिस्ड कॉल दिसले दुसऱ्या दिवशी, पण त्यांना वाटलं लग्नाला बोलवायला केले असतील, मग लग्न होऊन गेल्याचं कळलं आणि वाटलं की बोलावलंच नाही, आता आपण कशाला करा. दोघंही चार महिने रुसून बसले, एकमेकांपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. डायरीत हे नाव बाबांनी "सोडलं" मध्ये घालायला सांगितलं होतं.

कान, आणि दुसरी गोष्ट

फोन ऐकू आला नाही यावरून कान तपासायचं निघालं. बाबा म्हणे मला व्यवस्थित ऐकू येतं, तुम्ही लोक पुटपुटता. ऑडिओमेट्री केली, दोन्ही कानांना मध्यम स्वरूपाचा दोष, वरच्या पट्टीत जास्त. ऑडिओलॉजिस्टनी छान समजावलं, म्हणाल्या वयामुळे जातं ते आधी बारीक, तीक्ष्ण आवाजांचं, स, श, थ, फ असे. आवाज येतो, शब्द ओळखू येत नाही. सात की साठ, कळत नाही. बायकांचा आणि पोरांचा आवाज आधी हरवतो. समोर एकजण असेल तर ओठ बघून जमतं, पण पाचसहा जण एकदम बोलायला लागले की संपलं. मी विचारलं, बाबा, कट्ट्यावर काय करायचात मग? म्हणाले, "सगळे हसले की मी पण हसायचो."

यावर काय बोलणार.

कान आणि माणसं यांचा संबंध आता बराच अभ्यासला गेलाय. अमेरिकेत 70 ते 84 वयाच्या 977 जणांवर तीन वर्षांचा एक प्रयोग झाला, अर्ध्यांना श्रवणयंत्र आणि त्याचं ट्रेनिंग दिलं, अर्ध्यांना नुसती आरोग्याची माहिती. तीन वर्षांनी यंत्रवाल्या गटाकडे दुसऱ्या गटापेक्षा सरासरी एक माणूस जास्त टिकला होता. एक माणूस म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण ज्याच्या यादीत घर धरून चार आहेत त्याला विचारा.

दुसरी गोष्ट कानाच्या डॉक्टरकडेच अचानक बाहेर पडली. अर्धा तास थांबायला लागलं त्यात बाबा तीनदा बाथरूमला गेले. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, तेव्हा कळलं की दोन वर्षं प्रोस्टेटचा त्रास आहे आणि कुणाला सांगितलं नाही. ज्येष्ठ नागरिक संघाची गणपतीपुळ्याची ट्रिप, "समुद्र काय बघायचा आता" म्हणून नको म्हणाले होते. मंदिराच्या कट्ट्यावरून लवकर उठायचे. पुण्याला भावाकडे जात नव्हते. एसटीत 75 च्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून तिकीट लागत नाही, यांना 2024 ला 75 पूर्ण होणार होती, मी उत्साहाने कार्ड काढू म्हटलं तर चिडले. फुकट बस आहे पण बस मध्येच थांबत नाही ना! हे कुणी बोलत नाही बघा, आपल्याकडे म्हातारी माणसं घराबाहेर का पडत नाहीत यावर केवढं लिहितात, एकटेपणा, पिढ्यांचं अंतर, मोबाईल, आणि साधी स्वच्छ मुतारी वाटेत नाही हे कारण कुणी लिहीत नाही. बायकांचं तर विचारूच नका. यूरॉलॉजिस्टने गोळी दिली, तीनचार आठवड्यांत पुष्कळ फरक पडला.

काय केलं आणि त्यातलं काय फसलं

मोजमाप म्हणून मी ल्युबेन स्केल वापरली, सहा प्रश्नांची आहे, तीन नातेवाईकांबद्दल आणि तीन मित्रांबद्दल, महिन्यातून किती जणांशी बोलता, मनातलं किती जणांना सांगू शकता, मदत किती जणांकडे मागू शकता. एकूण 30, बाराच्या खाली आलं तर माणूस एकटा पडायचा धोका. बाबांचे एप्रिल 2024 ला 9, त्यात मित्रांचे फक्त 2. एकटं असणं आणि एकटं वाटणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे स्केल पहिलीच मोजतं, दुसरी मला विचारायचं धाडस झालं नाही.

हा आकडा घेऊन नवऱ्याला दाखवला तेव्हा तो म्हणाला, त्यात काय, बीपी थोडीच आहे. त्याला मी 2010 चा तो प्रसिद्ध अभ्यास सांगितला, हॉल्ट-लुनस्टाड आणि मंडळींचा, 148 अभ्यासांमधली तीन लाखांवर माणसं एकत्र घेऊन बघितलं तर ज्यांची नातीगोती घट्ट त्यांची जगण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली होती. मग त्याने बाबांसाठी नवीन फोन आणला. पुरुष हो, दुसरं काय.

फोन फसला. म्हणजे मोठी अक्षरं, मोठा आवाज सगळं केलं, नातवाने व्हिडिओ कॉल शिकवला, बाबा शिकले पण, पण करायचा कुणाला? समोरचे पण पंच्याहत्तरीचे, त्यांचे फोन त्यांच्या कपाटावर.

ज्येष्ठ नागरिक संघ पहिल्या फेरीत फसला. मीच घेऊन गेले, मे महिन्यात, हॉलमध्ये शंभरेक लोक, माईक घुमतोय, वाढदिवसांचे सत्कार, योगाचं महत्त्व यावर भाषण. बाबांना एक अक्षर कळलं नाही आणि बाहेर येऊन म्हणाले, मला म्हाताऱ्यांत बसायला आवडत नाही. संघाचं काम चांगलंय, नाव ठेवत नाहीये, पण आधी कान, मग हॉल, हा क्रम माझा चुकला.

श्रवणयंत्र जूनमध्ये घेतलं, दोन्ही मिळून पन्नास हजारांच्या पुढे. पहिले दोन महिने डबीतच. ताटवाट्यांचा आवाज, फ्लशचा आवाज, पेपरची घडी केली तरी कर्कश. त्यात ती मण्याएवढी बॅटरी, थरथरत्या बोटांनी बसत नाही. परत जाऊन चार्जिंगवालं बदलून घेतलं, आवाज खाली आणला आणि रोज एक तास वाढवत नेला. साधारण तिसऱ्या महिन्यात एक दिवस कुकरच्या शिट्ट्या त्यांनी मोजल्या, पाच झाल्या म्हणून सांगायला आले, मी तीनच धरल्या होत्या.

गेटचं काम दहा मिनिटांचं निघालं. फ्लॅटला बाबांचा नंबर जोडला, काका आणि अजून पाच जणांची नावं कायमची परवानगीवाल्या यादीत टाकली, आणि वॉचमनला समजावून सांगितलं की यांच्यासाठी कोणी म्हातारं माणूस आलं की परत पाठवायचं नाही, खुर्ची द्यायची आणि इंटरकॉम लावायचा. दहा मिनिटं! आणि चार महिने दोन माणसं रुसलेली.

सगळ्यात जास्त काय लागू पडलं ते मात्र मी ठरवलेलं नव्हतंच. नव्या सोसायटीच्या कमिटीत सगळी चाळिशीची मंडळी, नोंदवह्यांचा पत्ता नाही, आय नमुना, जे नमुना (सभासदांची नोंदवही आणि यादी), नॉमिनेशनची वही, शेअर सर्टिफिकेटं, सगळं जुन्या सेक्रेटरींच्या दोन पिशव्यांत आणि ऑडिटर मागे लागलेला. सेक्रेटरी लिफ्टमध्ये नवऱ्याला म्हणाले कुणी हिशेबातलं आहे का ओळखीचं. छत्तीस वर्षं वह्या लिहिलेला माणूस अकराव्या मजल्यावर बसलाय! बाबांनी पहिल्यांदा आढेवेढे घेतले, मग पिशव्या आल्या, मग डायनिंग टेबल गेलं. 64 फ्लॅट, प्रत्येकाचं नॉमिनेशन. बाबांनी फोन केले नाहीत, बोर्डावर नोटीस लावली की संध्याकाळी पाच ते सात या वेळात कागद घेऊन 1103 मध्ये यावे. आणि लोक यायला लागले. आमचं दार दोन तास उघडं राहायला लागलं. कुणाची बायको वारलीय आणि नॉमिनी तीच आहे, कुणाचा मुलगा अमेरिकेला, कुणाचं भावाशी भांडण, कागदाच्या निमित्ताने बसतात, चहा होतो. समोरासमोर बसून गप्पा मारा म्हटलं असतं तर एकजण आला नसता, बाबा पण बसले नसते. मधे वही पाहिजे.

मग लोकल. काकांशी समेट झाला (पेढे परत आणले, या वेळी गेटवर खुर्ची मिळाली), दोघांनी बसून अकरा जणांची मोजणी केली. सहा हयात. त्यातले एक मुलाकडे नाशिकला, एक अंथरुणाला, एकांना माणसं ओळखू येत नाहीत. राहिले तीन, बाबा धरून. ठरलं की महिन्यातून एकदा परत गाडीत बसायचं, गर्दी नसेल तेव्हा, स्लोने व्हीटीपर्यंत, बाहेर चहा प्यायचा आणि परत. पहिला मुहूर्त रविवार धरला आणि मेगाब्लॉक, ठाण्याच्या पुढे गाडी कुठल्या ट्रॅकवरून जाईल कुणाला माहीत. तेव्हापासून महिन्याचा दुसरा बुधवार, दुपारी साडेबाराची. दिव्याचे काका दिव्याला चढतात, आता नातू सोडायला येतो. माझी धाकधूक असते, पायरी, फलाटातली फट, परतीला उशीर झाला तर ठाण्याला चढणारी गर्दी. बाबा म्हणतात छत्तीस वर्षं काय तू सोडायला येत होतीस?

फेब्रुवारी 2025 ला परत तेच सहा प्रश्न विचारले. 15. मित्रांचे 2 चे 7 झाले. नातेवाईकांचे मात्र 7 चे 8, तिथे फार काही हललं नाही कारण फोन अजून आईंच्याच मोबाईलवर येतात आणि "यांना देते" चालूच आहे. दिव्याचे काका पावसाळ्यात आले नाहीत, आता त्यांचा डोळा झाला की बघू म्हणतात, म्हणजे कधीकधी दोघंच जातात. मंदिराच्या कट्ट्यावर बाबा परत गेले नाहीत. विचारलं तर म्हणाले ते मी सोडलं, आणि या वेळी मला ते खरं वाटलं म्हणून मी जोर केला नाही. श्रवणयंत्र बाहेर जाताना घालतात आणि घरी आल्यावर काढून ठेवतात, घरात ऐकण्यासारखं काय असतं म्हणतात.

हे सगळं लिहून होत आलं होतं आणि परवा स्वयंपाक करताना आई सहज म्हणाल्या की या महिन्यापासून भिशी सोडतेय, कंटाळा आला, त्याच त्याच गप्पा. मी हो म्हणणार होते. मग विचारलं, या वेळी भिशी कुणाकडे आहे?

तिसरा मजला. लिफ्ट नाही.